अडचणीच्या जागेत रॅचेट पाना: दाते मोजण्याआधी जागा मोजा

प्रश्न नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या तरुण फिटरचा आहे. दिवसा कन्व्हेयर, पंप, गिअरबॉक्स. सुट्टीच्या दिवशी वाडीला मोठ्या भावाच्या गॅरेजमध्ये गाड्यांचं काम. अल्टरनेटर, स्टार्टर, एसी कॉम्प्रेसर यांचे बोल्ट खोलताना साधा रिंग पाना फिरत नाही, गोटी (सॉकेट) लावली तर रॅचेटचं डोकं वर अडतं, आणि दर वेळी बोटं सोलून निघतात. त्याने विचारलंय की रॅचेट पाना ७२ दात्यांचा घ्यावा की १२० दात्यांचा, सरळ घ्यावा की मान हलणारा, सुटे घ्यावेत की पूर्ण सेट, आणि तो घेतल्यावर साध्या पान्यांची गरज उरते का.

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. साध्या पान्यांची गरज उरते, आणि पूर्ण उरते. रॅचेट पान्याच्या रिंगमध्ये दातेरी चाक असतं; आतला खटका त्याला एका दिशेने धरतो आणि परतीला सोडतो, म्हणून पाना न उचलता बोल्ट फिरत राहतो. म्हणजे हा बोल्ट पळवण्याचा पाना आहे. जाम बोल्ट फोडायचा असेल किंवा शेवटचा कस द्यायचा असेल तर हातात साधा रिंग पाना, गोटी किंवा टॉर्क पाना हवा. मधले दहा-पंधरा आटे झरझर काढायचे आणि घालायचे, तेवढंच रॅचेटचं काम. हे एकदा मनाशी पक्कं केलं की दुकानात काय बघायचं तेही बदलतं. मग दात्यांचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी पान्याचं डोकं किती रुंद आहे, किती जाड आहे, आणि दिशा बदलायची सोय कुठे आहे ते बघावं लागतं.

तरी दात्यांचा हिशोब करून टाकू, कारण जाहिराती त्याच्यावरच चालतात. षटकोनी बोल्टावर बारा पॉइंटचा, म्हणजे आतून बारा कोपऱ्यांचा, साधा रिंग पाना पुन्हा बसवायला निदान ३० अंश फिरवावा लागतो. फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाच्या, पान्याचं तोंड दांड्याला १५ अंश तिरकं असतं, म्हणून तो उलटसुलट करत गेलं की त्याचंही काम ३० अंशांत भागतं. दांडा १७ सेंटिमीटरचा धरला तर ३० अंशांसाठी त्याचं टोक जवळजवळ ९ सेंटिमीटर हलायला हवं. रॅचेटमध्ये ३६० ला दात्यांनी भागायचं: ३६ दात्यांना १० अंश, ७२ ला ५, ९० ला ४, १२० ला ३. त्याच १७ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाशी हे अनुक्रमे ३० मिमी, १५ मिमी, १२ मिमी आणि ९ मिमी होतं.

म्हणजे साध्या रिंगवरून ७२ दात्यांवर आलात की ९ सेंटिमीटरचे दीड सेंटिमीटर होतात. खरी कमाई ही. ७२ वरून १२० वर गेल्याने आणखी ६ मिमी वाचतात. त्यातही एक गोष्ट कुणी सांगत नाही. पान्याची खाच आणि बोल्टाचं डोकं यांच्यात थोडी मोकळीक असतेच, आणि आतला खटका दात्यात पूर्ण बसेपर्यंत थोडं अंतर वाया जातं. दोन-तीन अंश असेच खपतात. पाना जुना असेल, बोल्टाचे कोपरे थोडे झिजले असतील, तर जास्तच. त्यामुळे ३ अंशांचा पाना प्रत्यक्षात ५-६ अंश मागतो आणि ५ अंशांचा ७-८. फरक आहे, पण डबीवरचा आकडा बघून वाटतो तेवढा मोठा नाही. शिवाय दाते वाढले की प्रत्येक दाता बारीक होतो. चांगल्या बनावटीत खटका रुंद करून एका वेळी बरेच दाते धरतात, किंवा दोन खटके आलटूनपालटून बसवतात; ६० दात्यांच्या चाकावर असे दोन खटके लावले की १२० जागा मिळतात. स्वस्त मालात मात्र फक्त दाते बारीक केलेले असतात आणि खटका तोच इवलासा. माझं मत विचाराल तर चांगल्या बनावटीचा ७२ दात्यांचा पाना हा रोजच्या कामासाठी पुरेसा आहे. १२० च्या मागे तेव्हाच जा, जेव्हा तुमच्या नेहमीच्या कामात असा एखादा बोल्ट आहे की जिथे दांडा दीड सेंटिमीटरसुद्धा हलत नाही. असे बोल्ट असतात, पण थोडे.

आता डोक्याची रुंदी. रॅचेट पान्याच्या रिंगमध्ये दातेरी चाक आणि खटका बसवायचा असतो, त्यामुळे डोकं साध्या रिंगपेक्षा मोठं होणारच. १३ नंबरच्या, म्हणजे १३ मिमी डोक्याच्या बोल्टाला बसणाऱ्या, साध्या रिंगचा बाहेरचा व्यास २० मिमीच्या आसपास असतो. त्याच नंबरच्या रॅचेट डोक्याचा २५-२६ मिमीपर्यंत जातो. एका बाजूला अडीच-तीन मिमीच जास्त, पण बोल्ट भिंतीला चिकटून असला की त्या तीन मिमीसाठी पाना आत जातच नाही. पंपाच्या फ्लँजवर, गिअरबॉक्सच्या कव्हरवर हे नेहमी घडतं: बोल्टाच्या बाजूला कास्टिंगची बरगडी असते, साधी रिंग नेमकी बसते आणि रॅचेट बाहेरच राहतो. खोल खळग्यातल्या बोल्टाला तर रॅचेट पाना अजिबात उपयोगाचा नाही, तिथे गोटी आणि एक्स्टेन्शनच.

उंचीच्या बाबतीत मात्र रॅचेट पाना राजा आहे. तीन सूत चौकाचा, म्हणजे ३/८ इंचाचा, रॅचेट आणि त्यावर साधी गोटी मिळून पाच सेंटिमीटरच्या आसपास उंची होते. रॅचेट पान्याचं डोकं नऊ-दहा मिमी जाड असतं, बस. रेडिएटर आणि इंजिनच्या मधली फट, चासीच्या पट्टीआडचा कॉम्प्रेसर, कन्व्हेयरच्या गार्डमागचं बेअरिंग ब्लॉक, ही सगळी याच्या राज्यातली कामं. दुसरा मोठा फायदा, रिंग आरपार मोकळी असते. यू-बोल्ट, लांब स्टड, बॅटरीच्या पट्टीचा लांब आट्यांचा बोल्ट, सायलेन्सरचे स्टड, यांच्यावर नट खाली उतरवताना स्टड रिंगमधून वर निघत राहतो. तिथे डीप गोटीसुद्धा तळाला टेकते. कन्व्हेयरचा पट्टा ताणणारे टेक-अप बोल्ट फिरवण्यासाठी तर मी याच्याशिवाय दुसरं काही हातात घेत नाही.

आता अशा गोष्टीकडे येतो जी तुम्ही विचारलीच नाही, पण माझ्या मते याच गोष्टीवरून पाना निवडायचा असतो. बोल्ट खोलताना तो बाहेर येतो, आणि त्याच्यासोबत पानाही वर सरकतो. साध्या रिंगचं तसं नसतं. ती दर वेळी उचलून पुन्हा बसवावी लागते, म्हणून वरची जागा संपत आली की आपोआप कळतं. रॅचेट पाना मात्र उचलावाच लागत नाही. तुम्ही टिकटिक करत फिरवत जाता आणि लक्षात येत नाही.

आकड्यात बघा. एम-८ चा, म्हणजे ८ मिमी आट्यांचा, बोल्ट, १३ नंबरचं डोकं, एका फेऱ्याला १.२५ मिमी बाहेर येतो. बोल्टाच्या डोक्यावर चासीपर्यंत १२ मिमी जागा आहे. पान्याची जाडी ९ मिमी, म्हणजे पाना आरामात बसला. तीन फेऱ्यांत बोल्ट पावणेचार मिमी वर आला. आता वर सव्वाआठ मिमी उरली. या क्षणापासून पाना बोल्टावरून निघत नाही. बोल्टाचे आटे अजून पंधरा मिमी आत आहेत. आणखी सहा फेरे फिरवलेत की बोल्टाचं डोकं चासीला जवळजवळ टेकतं. बोल्ट बाहेर येत नाही, पाना उचलता येत नाही. आणि पाना जर सरळ, एकाच दिशेचा असेल, तर बोल्ट परत आवळताही येत नाही. कारण असा पाना उलटा करायचा म्हणजे काढून पलटून घालायचा, आणि काढायलाच तर जागा नाही.

कुणी म्हणेल, बोल्टाचा दांडा पक्कडीने धरून उलटा फिरवू. तोही मार्ग बंद. बोल्ट आवळण्याच्या दिशेने फिरला की खटका चाकात अडकतो, पाना बोल्टासोबत फिरतो आणि दांडा बाजूला कुठेतरी टेकतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये एका पोट्ट्याने कॉम्प्रेसरचा मागचा बोल्ट असाच काढायला घेतला होता. शेवटी इंजिनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, इंजिनचं माउंटिंग ढिलं केलं, इंजिन थोडं उचललं, तेव्हा पाना सुटला. अर्ध्या तासाचं काम दुपारभर चाललं. पान्याचा दोष काहीच नव्हता.

म्हणून नियम सोपा आहे. पाना घालण्याआधी बोल्टाच्या डोक्यावर किती जागा आहे आणि आटे किती खोल आहेत, याचा अंदाज घ्या. बोल्टाची लांबी माहीत नसेल तर शेजारचा, मोकळ्या जागेतला तसाच बोल्ट आधी काढून बघा. आटे जास्त आणि जागा कमी असेल तर दोन-तीन फेऱ्यांनंतर रॅचेट काढून घ्या आणि पुढचं काम फिक्स पान्याने करा. फिक्स पाना बाजूने निघतो, त्याला वर जागा लागत नाही. बोल्ट बोटाने फिरण्याइतका ढिला झाला की तर पानाच नको. आणि खोलण्याच्या कामात जिथे शंका असेल तिथे दिशा बदलण्याची कळ असलेलाच पाना वापरा, कळ अशा बाजूला ठेवून की जिथे तुमचं बोट पोचतं. आवळताना हा धोका नाही, कारण बोल्ट खाली जातो आणि जागा वाढत जाते. त्यामुळे सरळ पाना आवळायला बिनधास्त वापरा, खोलताना विचार करून.

मग कळवाला पानाच सगळीकडे का घेऊ नये? कारण कळीलाही किंमत मोजावी लागते. डोकं थोडं जाड होतं, कळ वर दोन-तीन मिमी उठलेली असते, आणि अरुंद जागेत होज किंवा वायरिंग तिला लागलं की दिशा आपोआप बदलते. तुम्ही आवळतोय समजून फिरवता आणि बोल्ट ढिला होत असतो. हाताने वजन जाणवत राहिलं तर कळतं, पण घाईत सुटून जातं. कळवाल्या पान्यांचं डोकं बहुतेक वेळा १५ अंश वर उचललेलं असतं, त्यामुळे सपाट पृष्ठभागावर बोटांना जागा मिळते. सरळ पाना पृष्ठभागाला समांतर चालतो. फटीत घुसायला तो चांगला, पण बोटं घासतात. तुमच्या बोटांची तक्रार बरीचशी इथून येत असावी. दांडा मुठीत धरू नका. उघड्या तळव्याने ढकला, बोटं सरळ ठेवा. पाना निसटला तरी तळवा पुढे जातो, सांधे धातूवर आपटत नाहीत.

मान हलणाऱ्या पान्याबद्दल लोकांचं फार प्रेम असतं. जागा अशी असेल की बोल्टाच्या पातळीत दांड्याला वाटच नाही, वरून तिरकं यावं लागतं, तर त्याला पर्याय नाही. मान पूर्ण उभी करून दांडा बोटांनी स्क्रू ड्रायव्हरसारखा फिरवला की ढिला बोल्ट भराभर येतो, हाही उपयोग खरा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. सांध्यामुळे डोक्याची लांबी वाढते, म्हणजे जिथे बोल्टाच्या मागेच भिंत आहे तिथे तो सरळ पान्याइतका आत जात नाही. आणि दांडा तिरका असताना जोर दिला की डोकं बोल्टावर कलंडतं, कोपऱ्यांवरच टेकतं आणि नट गोल करतं. मान हलणारा पाना घेतलात तर त्याची मान कडक असलेली घ्या. दांडा आडवा धरल्यावर डोकं आपल्या वजनाने खाली पडत असेल, तर इंजिनच्या आत एका हाताने तो बोल्टावर बसवता बसवता जीव जाईल. मान एका कोनात अडकवून ठेवणारे प्रकारही मिळतात. एका हाताने आणि न बघता काम करणाऱ्याला ते सोयीचे.

आखूड पाना, ज्याला स्टबी म्हणतात, तो जागेच्या हिशोबाने फार आकर्षक वाटतो. जोराचा हिशोब करून बघा. ८.८ ग्रेडच्या एम-८ बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. १७ सेंटिमीटरच्या दांड्याला त्यासाठी हाताने सुमारे १५ किलोचा जोर द्यावा लागतो. दहा सेंटिमीटरच्या स्टबीला तोच जोर २५ किलोंवर जातो, आणि तोही अशा जागी जिथे फक्त दोन बोटं पोचतात. एम-१० ला तर ५० न्यूटन-मीटर, म्हणजे दुप्पट. त्यामुळे स्टबीने आवळलेला बोल्ट पूर्ण आवळला गेला असं कधीही धरून चालू नका. मोकळा बोल्ट पळवण्यासाठी १० आणि १२-१३ नंबरची स्टबी पेटीत असावी, बास. अशा जागी शेवटचा कस द्यायचा असेल तर क्रो-फूट म्हणजे पंजा पाना टॉर्क पान्याला लावा; तो टॉर्क पान्याच्या दांड्याशी काटकोनात ठेवला की टॉर्कचा आकडा बदलावा लागत नाही.

जाम बोल्ट रॅचेटने फोडू नका, हे मी आधीच म्हटलं. त्याचं कारण नीट समजून घ्या. गंजलेला बोल्ट सुटताना तो बसवतानाच्या जोरापेक्षा किती तरी जास्त जोर मागतो. रॅचेटमध्ये तो सगळा जोर खटका आणि थोडेसे दाते यांच्यावर येतो. वर दांड्याला पाइप घातला, हातोडीने ठोके दिले, तर आज नाही तुटलं तरी दात्यांचे कोपरे चेपतात आणि पुढच्या महिन्यात कधी तरी भर जोरात असताना खटका सुटतो. हात सगळ्या वजनानिशी समोरच्या धातूवर जातो. म्हणून बोल्टावर आधी गंज सोडवणारं तेल मारा, थोडं थांबा, साध्या लांब रिंगने किंवा सहा पॉइंटच्या गोटीने फोडा, मग रॅचेट घाला. कॉम्बिनेशन रॅचेट पान्याची दुसरी बाजू फिक्स असते, तिनेही फोडायला जाऊ नका. फिक्स तोंड फक्त दोन कडांवर धरतं आणि नट गोल करायला तेच सगळ्यात पुढे असतं. ते तोंड मागचा नट धरून ठेवायला वापरा. कोपरे आधीच झिजलेल्या बोल्टाला बारा पॉइंटची कुठलीच रिंग लावू नका, रॅचेटची असो की साधी. आणि ब्रेकच्या किंवा हायड्रॉलिकच्या पाइपाच्या नटावर रिंग वरून जाऊच शकत नाही, कारण पाइप मधून गेलेला असतो; तिथे फ्लेअर नट पाना लागतो.

अजून एक दोष, जो दुकानात कुणी दाखवत नाही आणि कामात सगळ्यात जास्त छळतो. खटक्याची स्प्रिंग कडक असली किंवा आत घट्ट ग्रीस असलं, तर पाना मागे आणताना चाक खटक्यासोबत ओढलं जातं. नट ढिला असेल तर तोही सोबत मागे फिरतो. तुम्ही पुढे नेता, तो परत येतो; काम जागच्या जागी. मोकळ्या जागेत बोटाने नट दाबून धरता येतो, अडचणीच्या जागेत बोट पोचत नाही. म्हणून बारीक दात्यांपेक्षा हलका परतीचा फेरा मला जास्त मोलाचा वाटतो.

हे दुकानातच तपासता येतं. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीला जा, किंवा जिथे तुमचा नेहमीचा दुकानदार आहे तिथे, पण खिशात एक एम-८ चा बोल्ट आणि त्याचा नट घेऊन जा. जमलं तर व्हर्नियरही. नट बोल्टावर दोन-तीन आटे घालून मोकळा ठेवा, बोल्ट डाव्या हातात धरा, पाना नटावर घाला आणि हळूहळू पुढे-मागे करा. मागे येताना नट जागेवर राहिला तर पाना घ्या; नट सोबत फिरला तर परत द्या. एकाच डबीतले दोन पानेही वेगळे निघतात, त्यामुळे जो घेणार तोच तपासा. मग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये चाक धरून डोकं हलवून बघा. चाक वर-खाली खुळखुळत असेल तर त्यात धूळ लवकर शिरेल. टिकटिक सगळीकडे सारखी ऐकू यायला हवी. एक पूर्ण फेरा कानाशी धरून फिरवा, मध्येच एखादी टिक हरवली तर दाता किंवा स्प्रिंग बरोबर नाही. व्हर्नियरने डोक्याचा बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून कागदावर लिहून ठेवा. पुढे एखाद्या बोल्टासमोर उभे राहाल तेव्हा पाना बसेल की नाही हे घालून बघायच्या आधीच कळेल. चाक सर्क्लिपने, म्हणजे काढता येणाऱ्या कडीने, बसवलेलं आहे का, आणि आतल्या सामानाचा दुरुस्ती संच मिळतो का, हेही विचारा. काही कंपन्या देतात, काही पूर्ण पानाच बदलायला लावतात.

आपल्याकडची हवा आणि धूळ याला मारक आहे. कोराडी, खापरखेड्याच्या बाजूला कोळशाची भुकटी, बुटीबोरीत कुठे भुसा तर कुठे सिमेंट, आणि सगळीकडे मे महिन्यातला फुफाटा. ही धूळ घट्ट ग्रीसमध्ये मिसळली की आत लेप तयार होतो आणि खटका आळशी होतो. दाता पकडायच्या आतच जोर पडतो आणि पाना उडी मारतो. म्हणून या पान्यांमध्ये ग्रीस भरू नका. पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब, दोन्ही बाजूंनी, फिरवून, वरचं पुसून टाका. डिझेलमध्ये बुडवून ठेवायची सवय काही गॅरेजमध्ये आहे. त्याने आतलं तेल धुतलं जातं आणि घाण आणखी आत जाते. धुवायचाच असेल तर सर्क्लिप काढून, चाक बाहेर घेऊन धुवा, कापडाने कोरडं करा, तेल लावून बसवा. स्प्रिंग उडते, म्हणून हे काम परातीत किंवा मोठ्या ट्रेमध्ये करा. उन्हाळ्यात पाने उन्हात पत्र्यावर ठेवू नका. हातात धरवत नाहीत आणि माणूस घाई करतो.

एक सूचना बॅटरी आणि पॅनेलची. रॅचेट पाना बोल्टावर बसून राहतो, सुटत नाही, आणि त्याचा दांडा लांब असतो. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर तो ठेवून दांडा बॉडीला लागला तर ठिणगी तर उडतेच, पाना तिथेच चिकटूही शकतो. मायनस आधी काढा, शेवटी लावा. पॅनेलमधल्या बसबारचे बोल्ट सप्लाय बंद करून, कुलूप लावून, टेस्टरने तपासूनच हात लावायचे. पान्यावर टेप गुंडाळणे म्हणजे इन्सुलेशन नव्हे.

आता काय घ्यायचं ते. पूर्ण सेट आत्ताच घेऊ नका. सेटमधल्या १५, १६, १८ नंबरचे पाने तुमच्याकडे वर्षभर डबीत पडून राहतील, आणि १९ च्या वरच्या बोल्टांना एवढा जोर लागतो की तिथे रॅचेट पान्याचं काम नाहीच. तुमच्या कामात दोन प्रकारचे बोल्ट येतात. जपानी वळणाच्या गाड्या, आपल्याकडे मारुती वगैरे, त्यांच्यात एम-६, एम-८, एम-१० ला १०, १२, १४ नंबर लागतो. कारखान्यातल्या यंत्रांना आणि बऱ्याच देशी गाड्यांना एम-८ साठी १३, एम-१० साठी १७ किंवा नव्या मालात १६. म्हणून १०, १२, १३, १४ आणि १७ हे पाच सुटे घ्या. जुन्या ट्रॅक्टरचं काम येत असेल तर त्यावर इंची बोल्ट असू शकतात. तिथे १३ चा पाना अर्ध्या इंचावर बसतो, पण ढिला बसतो आणि कोपरे खातो, तेव्हा इंचीचा वेगळाच घ्यावा.

या पाचांत १२ आणि १३ कळवाले घ्या, कारण अल्टरनेटर, स्टार्टर, कॉम्प्रेसर यांचे अडकवणारे बोल्ट बहुतेक याच दोन नंबरांचे असतात आणि खोलताना दिशा बदलायची वेळ इथेच येते. १४ आणि १७ सरळ चालतील. १० चा एक सरळ आणि, पैसे उरले तर, एक मान हलणारा. या नंबराचा बोल्ट सगळ्यात जास्त वेड्यावाकड्या जागी असतो आणि त्याला जोर सगळ्यात कमी लागतो, एम-६ ला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणून मान हलणाऱ्याची कमजोरी तिथे आड येत नाही. ८ नंबरचा पाना होज क्लिप आणि कव्हरच्या बारीक बोल्टांसाठी पुढे कधी तरी घ्या. त्यासोबत पाव इंची चौकाचा छोटा रॅचेट, ५ ते १३ पर्यंतच्या गोट्या, एक थोडं डुलणारं एक्स्टेन्शन. जिथे पान्याचं रुंद डोकं बसणार नाही तिथे हा संच जातो. हे सगळं घेतल्यावरही पेटीत सगळ्यात वर, हाताशी, साध्या रिंग पान्यांची रांग ठेवा, कारण प्रत्येक बोल्टाला पहिला हात त्यांचाच लागणार आहे.